न्यूझीलंडला जाताय? घर उत्तरेचं बघा

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाचा भूगोल सह्याद्री पाहिलेल्याला लगेच उमगतो. पश्चिमेचे वारे समुद्रावरून ओल घेऊन येतात, सदर्न आल्प्स या डोंगररांगेला अडतात आणि तिथेच रिते होतात. त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावरच्या मिलफर्ड साउंडला वर्षाला साडेसहा मीटरच्या वर पाऊस, तर डोंगरापलीकडच्या क्राइस्टचर्चला साधारण ६०० मिलिमीटर. देशाची जवळपास एक तृतीयांश जमीन संरक्षित आहे आणि डोंगरात मुक्कामासाठी सरकारी झोपड्या (हट) आहेत. कायद्याने वर्षाला चार आठवडे पगारी रजा मिळते. डिसेंबरात, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, रात्री नऊपर्यंत उजेड असल्याने कामावरून सुटून समुद्रावर जाणं जमतं. हे सुख अगदी खरं आहे. ऊन मात्र फार कडक. ढगाळ दिवशीही सनस्क्रीन लावाच.

पण तुमचा हिवाळा कसा जाईल, हे डोंगर नाही, घर ठरवतं. इथे सूर्य उत्तरेकडून फिरतो. पूर्वमुखी घर शोधायची आपली सवय बाजूला ठेवा आणि हॉलच्या खिडक्या उत्तरेला आहेत ना, ते बघा. दक्षिणेकडच्या खोलीत हिवाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्ट, ऊन फिरकतच नाही.

जुनी घरं लाकडी, खिडक्यांना एकेरी काच. रात्री काचेवर पाणी धरतं, ते चौकटीत मुरतं आणि बुरशी चढते. घर बघताना भिंतीतली कपाटं उघडून कोपरे तपासा, वास घ्या, पडदे उलटून बघा. ताजा रंग दिसला तर जास्तच बारकाईने. भाड्याच्या घरात हॉल १८ अंशांपर्यंत तापवू शकणारा बसवलेला हीटर असणं बंधनकारक आहे. हीट पंप (गरम हवा देणारा एसी) असेल तर उत्तम. स्वयंपाकघरातला पंखा हवा घराबाहेर सोडतो का, हेही विचारा. नाहीतर कुकरची वाफ आणि फोडणीचा धूर घरातच कोंडतो. घरात कपडे वाळवू नका आणि थंडी असली तरी रोज दहा-पंधरा मिनिटं खिडक्या सताड उघडा.

भाडं आठवड्यावर सांगतात. डिपॉझिट, म्हणजे बाँड, जास्तीत जास्त चार आठवड्यांचं आणि आगाऊ भाडं दोन आठवड्यांचं. आठवड्याला ५५० डॉलर धरले तर ३,३०० डॉलर हाताशी हवेत. घरमालकाने बाँड २३ कामाच्या दिवसांत टेनन्सी सर्व्हिसेस या सरकारी भाडेकरार खात्याकडे जमा करायचा असतो. तिथून पोच आली नाही तर लगेच चौकशी करा. ताबा घेतानाच बुरशीचे, डागांचे फोटो काढून घरमालकाला ईमेल करा, म्हणजे घर सोडताना त्याचे पैसे तुमच्या बाँडमधून कापले जाणार नाहीत.