डाव्या चाकाचा वास

गेल्या दिवाळीत पुण्याहून येताना खंडाळ्याच्या उतारावर ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरायचं आणि पायाखाली पेडल धडधडायचं. घाट उतरून पहिल्या थांब्यावर चहाला उतरलो, तर डाव्या पुढच्या चाकापाशी जळका वास. रिमजवळ हात नेला आणि वीतभर लांबूनच मागे घेतला. उजवं चाक मात्र जेमतेम कोमट.

गाडी २००८ची स्विफ्ट, पेट्रोल, बाबांनी घेतलेली. पंधरा वर्षं भरल्यावर आरटीओत खेटे घालून तिची नोंदणी पुढे वाढवून घेतली, तेव्हाच घरच्यांनी मला वेड्यात काढलं होतं. ब्रेकचं तोंडातून काढलं असतं तर ‘आता तरी विकून टाक’ सुरू झालं असतं. म्हणून गप्प राहिले आणि मोबाइलवर वाचत बसले.

त्यात दोन आठवडे गेले. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी, आणि ब्रेक दाबला की तिला दोन्ही बाजूंनी घासून थांबवतात ते पॅड. भोकं पाडलेल्या डिस्क, खाचा मारलेल्या डिस्क, सिरॅमिक पॅड, या कंपनीचे की त्या. दिरांनी लाल कॅलिपरवाला (पॅड धरून डिस्कवर दाबणारा चिमटा) एक झकपक फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘वहिनी, घ्यायचं तर हेच.’ विक्रोळीच्या कन्नमवार नगरातून निघून एलबीएस रोडवर दुसऱ्या गिअरच्या वर न जाणाऱ्या गाडीला भोकं कशाला हवीत, हे मला तेव्हाही कळत नव्हतं. पण मोह होतोच.

शेवटी गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेल्या काकांकडे गेले. त्यांना सगळी नावं वाचून दाखवली. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “ताई, चाक खोलून बघितलंय का कोणी?”

नव्हतं बघितलं.

चाक निघालं. डिस्कवर बोट फिरवलं तर रेकॉर्डच्या तबकडीसारखे चरे, अधूनमधून निळसर डाग, आणि बाहेरच्या कडेला गंजाचा उंच ओठ. मी हौसेने व्हर्निअर, म्हणजे जाडी मोजायचं जबड्याचं माप, घेऊन गेले होते. लावला, १९.८ मिलिमीटर. डिस्कवरच कोरलेली किमान जाडी १८. मी खूश. काका हसले, दोन रुपयांची दोन नाणी मागितली. व्हर्निअरचे जबडे कडेच्या ओठावर टेकतात, आत जिथे पॅड घासतो तिथे पोचतच नाहीत. म्हणून दोन्ही बाजूंना एकेक नाणं धरायचं, त्यांच्यासकट मोजायचं आणि नाण्यांची जाडी वजा करायची. उत्तर आलं १७.६. लेथवर फेसिंग मारून, म्हणजे डिस्क तासून सपाट करून, काम भागवायचा विचार तिथेच संपला. आधीच पातळ झालेली डिस्क आणखी तासली तर ती उष्णता कुठे साठवणार?

मग पॅड काढले आणि खरी गोष्ट समोर आली. डाव्या चाकाचा आतला पॅड दोन मिलिमीटरवर आलेला, बाहेरचा अजून सात. काकांनी कॅलिपर हाताने सरकवून बघितला. तो ज्या दोन पिनांवर सरकतो, त्यातली वरची पिन लोण्यासारखी हलली, खालची हलेना. तिच्यावरचं रबरी आवरण फाटलं होतं. पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यांवरचं पाणी आत गेलं आणि पिन गंजून जाम झाली. असा कॅलिपर सरकत नाही, पॅड नीट सुटत नाही. ब्रेक सोडला तरी पॅड घासतच राहतो, डिस्क भाजते, पॅडचा माल तिच्यावर ठिकठिकाणी चिकटतो आणि पेडल धडधडायला लागतं. ‘डिस्क वाकली’ असं सगळे म्हणतात, पण बऱ्याचदा हा चिकटलेल्या थराचाच प्रताप असतो.

आदल्याच वर्षी एका गॅरेजने नवे पॅड टाकून दिले होते. पिना काढून पुसून ग्रीस लावायला दहा मिनिटं लागतात. ती त्यांनी वाचवली, बिलात मात्र ‘ब्रेक सर्व्हिसिंग’ लिहिलं. ते बिल मी अजून ठेवलंय, कशासाठी ते माहीत नाही.

आता निवड सोपी झाली. मुंबईच्या रहदारीत ब्रेक थंड असतानाच लागले पाहिजेत, सिग्नलला किंचाळता कामा नयेत आणि डिस्क खाता कामा नये. म्हणून पॅड कंपनीचे साधेच घ्यायचे ठरवले. कडक सेमी-मेटॅलिक, म्हणजे धातू मिसळलेल्या पॅडची गरज तापवून तापवून गाडी पळवणाऱ्यांना. डिस्क मात्र कोटिंगवाल्या हव्या होत्या, कारण गाडी उघड्यावर असते आणि जुलैत एका रात्रीत डिस्क केशरी होते. पॅड घासतो तिथलं कोटिंग पहिल्याच दिवशी निघून जातं, पण कड आणि मधला भाग गंजत नाही. पुढच्या वेळी डिस्क हातोड्याने ठोकून काढायची पाळी येत नाही.

खरेदीला ऑपेरा हाऊसला गेले, मामा परमानंद मार्गावर. तिथले दुकानदार नावावर जात नाहीत, पहिला प्रश्न “सॅम्पल आणलंय?” माझ्याकडे फोटो, मापं आणि चेसिस नंबर होता, त्यावर काम झालं. पहिल्या दुकानात होलोग्राम नसलेलं पाकीट ‘ओरिजिनलच आहे, पॅकिंग बदललंय’ म्हणून पुढे केलं. मी नमस्कार करून निघाले. दुसरीकडे पॅडचा सेट दोन हजारांच्या आत आणि डिस्कची जोडी चार हजारांच्या आसपास मिळाली, पक्क्या बिलासह. डिस्क नेहमी जोडीनेच बदलायच्या. एका बाजूला नवी, दुसरीला जुनी असली की ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला ओढते. जोडीचं वजन मात्र कोणी सांगत नाही. चर्नी रोडहून दादर, दादरहून विक्रोळी, आणि ब्रिजच्या पायऱ्यांवर पिशवीचा बंद तुटला.

बसवताना काकांनी सगळ्यात जास्त वेळ हबवर, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या भागावर, घातला. तारेच्या ब्रशने वीसेक मिनिटं नुसतं घासणं. मला कंटाळा आला, तेव्हा म्हणाले, “इथे कागदाएवढा गंज राहिला तरी डिस्क कडेला डुलते. मग महिन्याभरात तुम्ही परत माझ्याच दारात.” चारही पिना काढल्या, जाम झालेली बदलली, नवी रबरं, सिलिकॉन ग्रीस. ब्रेक ऑइल कडक चहाच्या रंगाचं झालं होतं. ते हवेतला ओलावा शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं. आमचं कधी बदललं होतं, ते बाबांनाच माहीत. नव्या डिस्कवरचा तेलाचा हात क्लीनरने पुसायला लावला तो मलाच.

गाडी खाली उतरवली. मी चावी फिरवणार, तोच काका ओरडले, “आधी पेडल मारा!” मारलं. ते थेट तळाला. नवे पॅड बसवताना, त्यांना दाबणारे पिस्टन मागे ढकललेले होते ना. चार-पाच दाबांनंतर कुठे पाय टेकला. तशीच गाडी काढली असती तर समोरचा वडापाववाला गेला होता.

नवे पॅड आणि डिस्क एकमेकांना बसवून घ्यावे लागतात. त्यासाठी रविवारी पहाटे साडेपाचला बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) गाठलं. ताशी साठवरून पंधरापर्यंत आणायचं, पूर्ण थांबायचं नाही, कारण तापलेला पॅड एकाच जागी दाबून धरला की तिथे ठसा उमटतो. मध्ये जरा गार होऊ द्यायचं, मग पुन्हा. पाचव्या-सहाव्या वेळी वास आला आणि पोटात गोळा, पण तो नव्या मालाचा होता, दहाव्या फेरीपर्यंत विरला. एक सायकलवाला तीनदा मला ओलांडून गेला. चौथ्यांदा थांबून म्हणाला, “ताई, शिकताय का? घाबरू नका, छान चालवताय.”

पुढच्या महिन्यात पुन्हा पुणे झालं. परतताना बाबा शेजारी बसले होते, खंडाळ्याला डोळा लागला तो घाट संपेपर्यंत. त्याच थांब्यावर मी उतरले, आधी डाव्या चाकाजवळ हात नेला, मग उजव्या. दोन्ही सारखीच गरम होती. बाबा काच खाली करून विचारत होते, “काय शोधतेस गं?”