ठुसठुसतंय की ठणकतंय?

शाळेत ध्वनिदर्शक शब्द घोकून घ्यायचे. विजांचा कडकडाट, ढगांचा गडगडाट, पानांची सळसळ, नाण्यांचा छनछनाट. त्याच यादीत तारकांचा चमचमाटही असायचा आणि तो कुणालाच खटकायचा नाही. आता, तारका काही वाजत नाहीत!

मला या न वाजणाऱ्या शब्दांचीच जास्त मौज वाटते. ऊन रणरणतं, काजवे लुकलुकतात, शेवाळ बुळबुळीत लागतं. ऐकू काहीच येत नाही, पण शब्द मात्र खळखळ-सळसळीच्याच साच्यातले. ही खोड एकट्या मराठीची नाही. मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने १९६९ साली यावर एक लेखच लिहिला: असे दुहेरी शब्द आपल्या आर्यकुळातल्या भाषांत आहेत तसेच कानडी-तमिळच्या कुळातही.

स्वयंपाकघरात मात्र हे शब्द आवाजाशी इमान राखून असतात. पिठल्याचंच बघा. मोहरी तडतडते, आधणाचं पाणी खळखळतं, त्यात बेसन पेरून गुठळ्या मोडल्या की जरा वेळ सगळं गप्प. मग ते दाट होत होत ओट्यावर शिंतोडे उडवत रटरटायला लागतं. पातळ असताना पिठलं रटरटत नाही. आई बाहेरच्या खोलीतून ओरडायची, "रटरटतंय ना? मग गॅस बारीक कर." घड्याळाकडे बघायची गरजच नव्हती.

आणि दुखणी! त्यांच्यासाठी तर खास भांडार आहे. भाजलं की चुरचुरतं, पायाला मुंग्या आल्या की झिणझिणतं, दाढेतून सणक जाते. मध्ये आमच्या काकूंना नखुरडं झालं. दवाखान्यातल्या नर्सने कागद पुढे धरला: शून्य ते दहा, किती दुखतंय? काकू त्या आकड्यांकडे बघत राहिल्या.

"अहो, काल नुसतं ठुसठुसत होतं. रात्रीपासून ठणका लागलाय. डोळ्याला डोळा नाही."

"म्हणजे किती, काकू?"

"सांगितलं की! ठणकतंय."

डॉक्टर मराठीच होते. बोट बघायच्या आधीच म्हणाले, "पू झाला असणार." नर्सने कागदावर आठ लिहिलं.