आधारवर एक नाव, गुणपत्रिकेवर दुसरं

२००४ साली बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना माझं लग्न झालं. परीक्षा राहून गेली. पहिल्या वर्षाची गुणपत्रिका बॅगेत घालून मी नाशिकला, सिडकोत, सासरी आले. पुढची काही वर्षं शिक्षणाचा विषयच निघाला नाही. कुणी अडवलं होतं असं नाही, पण घर, बाळंतपण, सासऱ्यांचं आजारपण यातून मान वर काढायला फुरसत नव्हती.

मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरला. आम्हा नाशिककरांना ते घरचंच वाटतं. १९८९ साली स्थापन झालेलं, गंगापूर धरणाच्या बाजूला असलेलं, आणि नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेलेल्या यशवंतराव चव्हाणांच्या नावाचं. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद माझ्यापुरतं तरी खरं ठरलं. फक्त, आधी पास झालेलं वर्ष मी सोडून दिलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. एक अख्खं वर्ष अभ्यास केलेला, आणि त्याचा हिशेब कुठेच नाही, ही गोष्ट मला फार लागली होती. म्हणूनच पुढचं सगळं सांगतेय.

पदवी मिळाली, अंबडच्या एका कारखान्यात अकाउंट्सला नोकरी मिळाली, आणि २०२४ च्या अखेरीस मी ऑनलाइन एम.कॉम.ला प्रवेश घ्यायचं ठरवलं. आधी यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, संकेतस्थळावरच्या मान्यतेच्या यादीत मी निवडलेल्या विद्यापीठाचं नाव आणि तो अभ्यासक्रम, दोन्ही आहेत ना ते पाहिलं. हे प्रत्येकीने करावं. जाहिरात कितीही मोठी असली तरी यादीत नाव नसेल तर पैसे भरू नयेत.

खरी अडचण पुढे आली. दूरस्थ किंवा ऑनलाइन प्रवेशासाठी आता डीईबी आयडी, म्हणजे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक, लागतो, आणि तो काढायला आधी एबीसी आयडी, म्हणजे विद्यार्थ्याच्या क्रेडिट खात्याचा क्रमांक. एबीसी आयडी डिजिलॉकर या सरकारी अ‍ॅपमधून निघतो, तिथे नाव येतं आधारवरचं. माझ्या आधारवर सासरचं नाव, दहावीपासून पदवीपर्यंतच्या सगळ्या कागदांवर माहेरचं. फॉर्म पुढे सरकेना. दोन रविवार त्यातच गेले. शेवटी विवाह नोंदणीचा दाखला काढला आणि राजपत्रात नावबदल छापून घेतला. ती प्रत जोडली तेव्हा कुठे माझा प्रवेश पक्का झाला. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी हे काम प्रवेशाच्या मुदतीआधी दोन-तीन महिने उरकून घ्यावं, नाहीतर माझ्यासारखी शेवटच्या आठवड्यात धावाधाव होते.

अभ्यासाची वेळ मी पहाटे साडेचार ते सहा ठेवली. रेकॉर्ड केलेल्या तासांचा फायदा मला कॉस्टिंगच्या पेपरला कळला. सीमांत परिव्ययाचं (मार्जिनल कॉस्टिंगचं) एक गणित मी पाच वेळा थांबवून थांबवून ऐकलं. वर्गात असते तर दुसऱ्यांदा विचारायलाही मी कचरले असते. व्याख्यानं इंग्रजीत होती, मी मराठी माध्यमाची. एकेक शब्द वहीत उतरवून शेजारी त्याचा मराठी अर्थ लिहीत गेले. दुसऱ्या सत्रापर्यंत ती वही शंभर पानांची झाली.

पण ‘नंतर बघू’ म्हणून तास साठत जातात, हेही खरं. मार्च महिना अकाउंट्सवाल्यांचा कसा असतो ते सांगायला नको. एप्रिल उजाडला तेव्हा माझे सव्वीस तास बघायचे राहिले होते. त्या वेळी सोडून द्यावं असं मनापासून वाटलं. वाचवलं ते आमच्या चौघींच्या गटाने. एक मालेगावची परिचारिका, एक सिन्नरची शिक्षिका, एक निफाडची, जिची स्वतःची द्राक्षबाग आहे, आणि मी. दर बुधवारी रात्री नऊला आम्ही व्हिडिओ कॉलवर बसायचो आणि प्रत्येकीने एक प्रकरण दुसऱ्यांना समजावून सांगायचं. ऑनलाइन शिकणाऱ्याने पहिल्या आठवड्यातच असा गट शोधावा, असं माझं ठाम मत आहे. परिचारिकेची रात्रपाळी असली की ती जेवणाच्या सुट्टीत कॉलवर यायची.

परीक्षा घरूनच, कॅमेऱ्यासमोर. आधी लॅपटॉप फिरवून खोलीच्या चारही भिंती दाखवायच्या, मग प्रश्नपत्रिका उघडते. दुसऱ्या पेपरला पाऊस आला आणि वीज गेली. मोबाइलचा हॉटस्पॉट आदल्या रात्रीच जोडून पाहिला होता, बॅटरी भरलेली होती, म्हणून निभावलं. मुलगी दाराबाहेर बसून राहिली होती, कुणी बेल वाजवू नये म्हणून.

ऑफिसात ‘ही पदवी चालते का?’ असं विचारलं गेलं. मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे, अशी यूजीसीची २०२२ ची सूचना मी छापून नेली. विषय तिथेच संपला.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते एबीसी. म्हणजे क्रेडिटची, पुरा केलेल्या अभ्यासाच्या श्रेयांकांची, बँक. शिकलेल्या भागाची क्रेडिट्स तिथे जमा होतात आणि साधारणपणे सात वर्षांपर्यंत वापरता येतात. मध्येच थांबावं लागलं तरी पुन्हा येऊन पुढे सुरू करायची वाट राहते. २००४ साली असं काही असतं, तर माझं ते वर्ष असं सुटलं नसतं. पुढच्या काळात ऑनलाइन शिक्षणाने सगळ्यात जास्त भलं कुणाचं करावं, तर लग्न, बाळंतपण, बदली, आजारपण यांत शिक्षण अर्धवट सुटलेल्यांचं. आणि त्यासाठी चांगले अभ्यासक्रम मराठीतून हवेत, नुसती भाषांतरित पानं नकोत.

माझी धाकटी जाऊ दिंडोरीला असते. तिचं बी.ए. दुसऱ्या वर्षात सुटलंय. गेल्या रविवारी ती कागदांची पिशवी घेऊन आली. मी चहा ठेवला आणि म्हटलं, “आधी आधार काढ, आणि दहावीची गुणपत्रिका. दोन्हींवर नाव काय आहे ते वाच.”