काकांना मोटरचा आवाज ऐकायचा होता

खानापूर तालुक्यातलं आमचं रान गावापासून दोन किलोमीटर. थ्री फेज येते ती बहुतेक रात्री, आणि वाटेत गवे. म्हणून विहिरीवरच्या मोटरला सिम८००सी मॉड्यूल, म्हणजे सिम कार्ड बसणारं फोनचं छोटं सर्किट, जोडायचं ठरवलं. काकांनी फोन लावायचा, मॉड्यूल उचलणार, १ दाबलं की मोटर चालू, २ दाबलं की बंद.

बटणांचं काम सोपं निघालं. फोनवर दाबलेल्या प्रत्येक बटणाचा वेगळा स्वर (डीटीएमएफ) मॉड्यूल स्वतःच ओळखतं. एक रिले (विजेवर चालणारा स्विच) स्टार्टरच्या हिरव्या बटणाला पॅरलल, दुसरी लाल बटणाच्या वायरीत सिरीजमध्ये. फक्त मॉड्यूलच्या सिरियल पिना २.८ व्होल्टच्या, आणि त्याला हुकूम देणारा आर्डुइनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड ५ व्होल्टचा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या मित्रानं वेळेवर टोकलं, व्होल्टेज उतरवायला मध्ये रेझिस्टर टाकले.

पण काका अडले. "रिले टकटक वाजली म्हणून पाणी येतंय होय? एक फेज गेली की मोटर नुसती गुं करत बसती. मला आवाज ऐकव."

माईक लावला. काकांनी फोन कानाला लावला आणि ओरडले, "बंद कर, बंद कर, जळंल मोटर!" मोटर तर बंदच होती. ती गुरगुर मॉड्यूलची!

२जी मॉड्यूल कॉलमध्ये सलग प्रक्षेपण करत नाही. दर ४.६१५ मिलिसेकंदांनी एक झटका, म्हणजे सेकंदाला सुमारे २१७. प्रत्येक झटक्याला २ अँपिअरपर्यंत करंट ओढतं. जुन्या रेडिओशेजारी मोबाईल ठेवला की यायची ती गुरगुर हीच. माझी चूक अशी की माईकची एक तार मी जवळच्या ग्राउंडला टेकवली होती. मॉड्यूलला माईकच्या दोन वेगळ्या पिना असतात. दोन्हींवर सारखाच आलेला गोंगाट आत वजा होतो, आणि मी तीच सोय मोडली होती. दोन्ही तारा पिळून सरळ त्या पिनांवर नेल्या. हा गोंगाट गाळायला माईकच्या अगदी अंगाला ३३ आणि १० पिकोफॅरडचे कपॅसिटर लावले, पहिला ९०० मेगाहर्ट्झच्या मोबाईल बँडसाठी, दुसरा १८०० साठी. अँटेना लांब केबलनं पत्र्याच्या शेडबाहेर काढली. थोडी कुरकुर राहिली, पण मोटर ओळखू येऊ लागली.

आठ दिवसांनी लाईट गेली, परत आली, आणि फोन लागेना. नुसती वीज मिळून हे मॉड्यूल जागं होत नाही, पॉवर-की पिन सेकंदभर ग्राउंडला ओढावी लागते. ट्रान्झिस्टर लावून ते काम आर्डुइनोकडे दिलं. तर एकदा आर्डुइनो एकटाच रिसेट झाला आणि त्यानं चालू मॉड्यूलच बंद केलं, कारण तीच पिन पुन्हा दाबली की ते झोपतं. आता आर्डुइनो आधी मॉड्यूल चालू आहे का ते सांगणारी स्टेटस पिन बघतो, मगच दाबतो. रात्री बॅटरी घेऊन रानात गेलो तो मीच, काका नव्हे.

हल्ली काका दुपारीही फोन लावतात. १ दाबत नाहीत. शेडच्या सावलीला कोण बसलंय आणि काय बोलतंय, तेवढं ऐकतात.