शेठ येतीलच

तो बाक मला अजून आठवतो. लोखंडी, तीन माणसांचा, मधल्या जागेवरचा फोम फाटलेला. समोर औषध कंपनीचं कॅलेंडर, त्यावर द्राक्षाचा टपोरा घड. मागच्या खोलीतल्या खोक्यांमधून कीटकनाशकाचा वास यायचा, घरी पोहोचल्यावर तो ओढणीलाही यायचा. नाशिकमधल्या एका वितरकाच्या ऑफिसातल्या त्या बाकावर मी सात वेळा बसले. एकूण तास किती झाले ते मोजलेलं नाही. मोजले तर नवरा पुन्हा बोलून दाखवेल.

हिंजवडीत ११ वर्षं दुसऱ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिलं आणि मग नोकरी सोडली. स्वतःचं काहीतरी करायचं होतं, पण आधी कोड लिहून मग गिऱ्हाईक शोधायचं नाही एवढं ठरवलं होतं. हातातलं ॲप घेऊन दारोदार फिरणारे दोन मित्र पाहिले होते. म्हणून आधी माणसांना भेटायचं, त्यांचा पैसा कुठे अडतो ते बघायचं, मग बाकीचं. निफाड तालुक्यात मामाचं कृषी सेवा केंद्र आहे, त्यामुळे धंदाही ठरला: खतं, बियाणं आणि औषधं विकणारी दुकानं.

पहिली चौदा दुकानं मामाच्या ओळखीवर पटापट झाली. त्यात माझ्या हातून दोन ढोबळ चुका झाल्या, तेवढ्या सांगते.

पहिली म्हणजे मी एका दुकानात शिरल्या शिरल्या विचारलं, "तुम्ही स्टॉक रजिस्टर कसं ठेवता?" मालकाचा चेहरा पडला. त्याने बियाणं, खत, औषध असे तिन्ही परवाने भिंतीवरून काढून काउंटरवर मांडले, पोराला थंड आणायला पिटाळलं आणि "मॅडम, आपलं सगळं क्लिअर आहे" म्हणाला. त्याला मी कृषी खात्याची गुणनियंत्रण निरीक्षक वाटले होते. अनोळखी बाई, हातात वही, पहिला प्रश्न रजिस्टरचा. त्याचं काय चुकलं? पुढे प्रत्येक दुकानात पहिलं वाक्य "मी अमक्यांची भाची" हेच ठेवलं. आणि फोन रेकॉर्डिंगला लावून काउंटरवर ठेवू नका. मी एकदा ठेवला, समोरचा माणूस वीस मिनिटं हवामानावर बोलला.

दुसरी चूक मोठी. उधारीच्या आठवणी पाठवणारं ॲप काढायचं मी मनात आधीच धरून ठेवलं होतं. तेच दाखवून विचारायची, "असं असेल तर वापराल का?" चौदापैकी चौदा जण हो म्हणाले. आपल्याकडे ओळखीच्या माणसाच्या भाचीला तोंडावर "बिनकामाचं आहे" असं कोण म्हणेल? "छान आहे ताई, करा. आपल्याला लागतंच." मी खुशीत. मग एकाकडे पाचशे रुपये आगाऊ मागितले, तर त्याने चहा पुढे केला. पंधराव्या दुकानदाराने मात्र खरं सांगितलं. "कोणाकडे किती बाकी आहे ते मी झोपेत सांगतो. बाग विकली गेली नाही तर तुमचा मेसेज वाचून तो काय करणार?" त्या रात्री उधारीचं ॲप संपलं. बिलिंगच्या वाटेला मी गेलेच नाही, ती सॉफ्टवेअरं तालुक्यात पैशाला पासरी आहेत. खताला ५ टक्के जीएसटी, औषधाला १८, बियाण्याला काहीच नाही, हे सगळं त्यांना आधीच जमतं. अनुदानित खतासाठी तर सरकारचं पॉस मशीन आहेच, शेतकऱ्याचा अंगठा घेणारं.

तेव्हापासून प्रश्न बदलला. "मागच्या हंगामात तुमचे पैसे कुठे बुडाले? मग तुम्ही काय केलंत?" एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसणं मला फार जड गेलं.

आता त्या बाकाकडे येते.

तीन-चार दुकानदारांनी एकच सल्ला दिला. "आम्हाला काय विचारता, नाशिकच्या शेठना भेटा. ते हो म्हणाले की साठ दुकानं एका दिवसात हो म्हणतील." शेठ म्हणजे या दुकानांना कंपन्यांचा माल पुरवणारे वितरक. मला हे फारच पटलं. एक माणूस, साठ गिऱ्हाइकं. आयटीत राहून अशी शॉर्टकटची सवय लागते.

पहिल्यांदा गेले जूनमध्ये. हिशोब बघणारे दिवाणजी होते, सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. म्हणाले, "बसा ताई, शेठ येतीलच." अडीच तासांनी फोन आला की शेठ परस्पर ओझरला गेले. दुसऱ्यांदा शेठ भेटले, उभ्या उभ्या चार मिनिटं. दुकानांसाठी सॉफ्टवेअर काढतेय, एवढंच सांगून झालं. "एकदम भारी कल्पना आहे. फक्त आमच्या हिशोबाने दोन-तीन गोष्टी टाकून आणा." कुठल्या गोष्टी ते सांगितलं नाही. मीच अंदाज बांधून तीन आठवडे नमुना बनवत बसले, म्हणजे नेमकं जे करायचं नाही असं ठरवलं होतं तेच. तिसऱ्यांदा नमुना घेऊन गेले तर कंपनीची डीलर मीट होती, ऑफिसात भाऊ सोडून कोणी नाही. चौथ्यांदा शेठनी नमुना बघितला, बोटाने वरखाली केला आणि म्हणाले, "बघू."

या "बघू"वर माझा अजून राग आहे. "नाही" म्हटलं असतं तर मी त्याच दिवशी दुसरीकडे वळले असते. "बघू" ऐकून माणूस घरी जातो, कॅलेंडरवर पुढच्या आठवड्याला गोल करतो आणि तेवढ्यात दुसऱ्या कोणाला भेटत नाही. मी जुलै आणि ऑगस्ट मिळून एकही नवीन दुकान केलं नाही. कशासाठी, तर शेठ येतीलच.

याहून जास्त राग माझा मला येतो. त्या बाकावर माझ्या शेजारी सतत कोणीतरी येऊन बसायचं. खेड्यावरचे दुकानदार, पिशवीत डबा, हातात वही. भाऊंना विचारायचे, "भाऊ, माझी मागच्या हंगामाची सीएन?" भाऊ मान वर न करता म्हणायचे, "कंपनीकडून आली नाही." सीएन म्हणजे क्रेडिट नोट, दुकानदाराच्या खात्यात अमुक रक्कम जमा धरल्याचा वितरकाचा कागद. हा संवाद मी दुसऱ्या फेरीत ऐकला, तिसऱ्या फेरीत ऐकला, चौथ्या फेरीत तर दोनदा ऐकला, आणि प्रत्येक वेळी मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसले. लोकांच्या अडचणी ऐकायला म्हणून नोकरी सोडलेली बाई!

पाचवी फेरी गणपतीनंतरची. त्या दिवशी मोबाइलची बॅटरी संपली होती म्हणून शेजारच्या काकांकडे लक्ष गेलं. दिंडोरीकडचे, साठीच्या पुढचे. मांडीवर शाळेची दोनशे पानी वही. मी सहज विचारलं, "काका, किती राहिलेत?" त्यांनी वही उघडली. हिरव्या शाईत कंपनीवार नोंदी. एका कंपनीची जूनअखेर ५० पेट्या उचलल्यावर ४ टक्के स्कीम. ७ दिवसांत पैसे भरल्याबद्दल २ टक्के सीडी, म्हणजे कॅश डिस्काउंट. मध्येच कंपनीने भाव पाडला, त्याचा रेट डिफरन्स. वेळेत कळवून परत केलेला एक्सपायरीजवळचा माल. सगळं कबूल झालेलं, पण तोंडी किंवा व्हॉट्सॲपवर. कबूल करणाऱ्या कंपनीच्या माणसाची बदली झालेली.

"वर्षाचे ऐंशी-नव्वद हजार असे राहतात," काका म्हणाले. "भांडायला कागद लागतो. माझ्याकडे व्हॉट्सॲप होतं, फोन बदलला त्यात तेही गेलं."

मी मागच्या चार महिन्यांत ऐकलेल्या कुठल्याही वाक्याला आकडा नव्हता. याला होता. आणि काका माझ्याशी बोलण्याआधीपासूनच त्या अडचणीवर स्वतःचा वेळ, एसटीचं भाडं आणि हिरवी शाई खर्च करत होते.

इतकं कळल्यावर मी काय करावं? मी उठून शेठच्या केबिनमध्ये गेले आणि हीच कल्पना त्यांना सांगितली. दुकानदारांच्या राहिलेल्या सगळ्या सीएनची यादी ठेवणारं सॉफ्टवेअर! शेठ पहिल्यांदाच खुर्चीत पुढे सरकले. चहा आला, बिस्किटंसुद्धा आली. "हे दुसऱ्या कोणाला सांगितलंय का?" नाही म्हटलं. "मग आत्ता थांबा. आधी आपण आपल्याकडे नीट करू, दिवाळीनंतर बसू." मला वाटलं, जमलं. दिवाळीपर्यंत मी कोणाकडे चकार शब्द काढला नाही. दिवाळी झाली. सहावी फेरी: शेठ येतीलच. सातवी फेरी: शेठ येतीलच.

सातव्या फेरीनंतर मामाच्या ओट्यावर बसून तक्रार करत होते. मामा सुपारी कातरत म्हणाला, "अगं, ज्याच्या गल्ल्यातून जाणार, त्यालाच विचारत बसलीस होय?"

मला झटकन काही बोलताच आलं नाही. दुकानदाराची सीएन वितरकाच्या हातून येते. ती वेळेवर मागितली गेली नाही तर पैसे कोणाकडे राहतात, हे मला बाकावर बसून पाच महिन्यांत दिसलं नव्हतं. शेठचीही सगळी चूक नाही, काही रकमा खरंच कंपनीकडे अडकलेल्या असतात, हे मी नंतर पाहिलं. पण ते घाईत नव्हते, एवढं मात्र नक्की.

दुसऱ्या दिवशी काकांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, मला वाटलं तुम्ही विसरलात." मी त्यांच्या दुकानात दोन दिवस बसले. सॉफ्टवेअर वगैरे काही नाही. त्यांची वही, बिलांची फाइल आणि माझं एक्सेल. कोणती स्कीम, कोणत्या बिलावर, किती टक्के, कोणी कबूल केली, कोणत्या तारखेला. बेरीज आली ६१,०००. काका ते दोन कागद घेऊन नाशिकला गेले आणि महिन्याभरात त्यातले ३८,००० त्यांच्या खात्यात जमा धरले गेले. मी तीन हजार मागितले. मागताना घसा कोरडा पडला होता. काकांनी गल्ल्यातून काढून, थुंकी लावून मोजून दिले आणि वर विचारलं, "पुढच्या हंगामाचं आत्ताच लिहून ठेवता येईल का?" त्या संध्याकाळी मी कोडची पहिली ओळ लिहिली.

पुढचं भरभर झालं, सांगण्यासारखं विशेष नाही. आज ३१ दुकानं आहेत, वर्षाला ६,००० देतात. म्हणजे १ लाख ८६ हजार, माझा जुना दीडेक महिन्याचा पगार. हसू नका. एकतीसपैकी एकालाही मला पटवावं लागलं नाही, त्यांच्याच राहिलेल्या पैशाची यादी काढून दिली की पुरे होतं.

एक राहिलंच, वेळेचं. द्राक्षाच्या भागात ऑक्टोबर छाटणीनंतर दुकानदाराशी बोलायला जाऊ नका, डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या दिवसात त्याला जेवायला फुरसत नसते. एरवी दुपारी दोन ते चार चांगली. सकाळी लासलगावला कांदा विकून आलेले शेतकरी पांगलेले असतात, मालक पंख्याखाली असतो. आणि एकाच जागी बरेच दुकानदार हवे असतील तर 'देसी'चा वर्ग गाठा. हैदराबादच्या मॅनेज संस्थेचा कृषी निविष्ठा विक्रेत्यांसाठीचा ४८ आठवड्यांचा डिप्लोमा आहे तो. वर्ग सुटल्यावर चहाच्या टपरीवर जे कानावर पडतं, ते मला सात फेऱ्यांत मिळालं नाही. हे मला जूनमध्ये कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

परवा भाऊंचा फोन आला, त्यांच्या स्वतःच्या नंबरवरून. आवाज खाली होता.

"ताई, हे दुकानदार आजकाल छापील कागद घेऊन येतात, ते तुम्हीच काढून देता ना?"

"हो भाऊ."

"शेठ म्हणतायत, एकदा ऑफिसला येऊन जा."

मी म्हटलं, "बघू."