नामथेर्योंगची रात्र

सोल, २२ डिसेंबर २०२४, रविवार

संध्याकाळी पोलिसांनी आडव्या लावलेल्या बस हलवल्या आणि कालपासून वेशीवर अडवलेले शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर सोलमध्ये शिरले! लाइव्ह बघता बघता मी इतक्या मोठ्याने ओरडले की शेजारच्या खोलीतली व्हिएतनामी मुलगी दार वाजवून विचारायला आली. तिला आत घेतलं, पुढचं दोघींनी मिळून पाहिलं.

परदेशी माणसाला इथे राजकारणात भाग घ्यायला कायद्याने मनाई आहे. त्यामुळे या महिन्यात मी कुठल्याच मोर्चाला गेलेले नाही. पण काल दुपारपासून डोळ्याला डोळा लागलेला नाही.

३ तारखेच्या रात्री दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष युन सक-यॉल यांनी लष्करी कायदा पुकारला, खासदार कुंपणावरून उड्या मारून संसदेत पोचले, हजर असलेल्या १९० जणांनी एकमताने तो फेटाळला, आणि १४ तारखेला २०४ मतांनी महाभियोग मंजूर झाला. हे साऱ्या जगाने पाहिलं. कालची रात्र मात्र बाहेर फारशी कुणाला कळायची नाही, म्हणून लिहून ठेवते.

देशाच्या दक्षिणेतल्या जोल्ला आणि ग्योंगसांग प्रांतांतले शेतकरी १६ तारखेला ट्रॅक्टर घेऊन निघाले होते. जत्थ्याला त्यांनी जॉन बोंग-जुन यांचं नाव दिलं होतं. १८९४ च्या शेतकरी उठावाचे ते नेते. त्यांची फौज राजधानीकडे निघाली ती उगुमचीच्या खिंडीत मोडली गेली, पुढच्या वर्षी त्यांना फाशी झाली. आताची मागणी युन यांच्या अटकेची, आणि तिच्या जोडीला तांदळाची. भाव पडले की जादाचा तांदूळ सरकारने विकत घ्यावा, असा कायदा संसदेने केला होता. शेतकरी वाटेत असतानाच, १९ तारखेला, हंगामी राष्ट्राध्यक्ष हान दक-सू यांनी त्यावर नकाराधिकार वापरला.

काल सोलच्या दक्षिण वेशीवर, नामथेर्योंगच्या घाटात, पोलिसांनी बसची भिंत उभी करून त्यांना अडवलं. ट्रॅक्टरच्या काचा फुटल्या. कोणीतरी ते मोबाइलवर दाखवलं आणि शहरातल्या शनिवारच्या सभेवरून माणसं सरळ चार नंबरच्या मेट्रोत बसून तिकडे निघाली. त्यांत बहुतेक विशीतल्या पोरी! हातात आवडत्या गायकांच्या मैफिलीत नेतात त्या लाइटस्टिक, म्हणजे उजळणाऱ्या कांड्या. २०१६ च्या आंदोलनात मेणबत्त्या होत्या, आणि एका सत्ताधारी खासदाराने वारा आला की त्या विझतील असं म्हटलं होतं. लाइटस्टिक बॅटरीवर चालते, तिला वाऱ्याचं भय नाही.

आमच्या लॅबमधली एक मुलगी तिथे रात्रभर होती. पारा शून्याखाली, डांबरावर अंथरलेली पातळ चंदेरी चटई, दोन्ही खिशांत हात शेकायच्या गरम पुड्या. काल दोंगजी होती, वर्षातली सगळ्यात मोठी रात्र. या दिवशी इथे लाल बियांची दाटसर पेज खातात, पातजुक. तीही कोणीतरी आणून वाटली, म्हणाली. घरी बसलेले लोक ऑनलाइन पैसे भरून घाटात जेवण पाठवत होते. माइक रात्रभर एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहिला. आपण कोण, कुठून आलो, घरी काय सोसतो, हे मुली सांगत होत्या आणि सत्तरीतले शेतकरी ट्रॅक्टरला टेकून ऐकत होते. मध्येच सगळे मिळून पोलिसांना ‘छा प्पेरा!’ म्हणजे ‘गाड्या काढा!’

मला हे बघवेना आणि बंदही करवेना. माझे अण्णा मार्च २०१८ मध्ये शेतकऱ्यांच्या मोर्चात नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेले होते. दहावीच्या मुलांना परीक्षेला जाताना त्रास नको म्हणून शेवटच्या रात्री मोर्चा थांबला नाही, सायनपासून आझाद मैदानापर्यंत अंधारातच चालला. अण्णांच्या तळव्यांची सालं निघाली होती. मुंबईकर रस्त्यावर पाणी, खाणं, चपला घेऊन उभे होते. घरी आल्यावर अण्णा मागण्यांबद्दल कमी आणि त्या चपलांबद्दल जास्त बोलले. शहर आपल्याला ओळखतं, हे त्यांना पहिल्यांदा कळलं होतं. काल रात्री घाटातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडावर मी तेच पाहिलं. लोकशाही म्हणजे संविधान, न्यायालय, मतदान हे सगळं खरंच. पण जिने कधी भाताचं खाचर पाहिलं नाही अशी पोरगी भातवाल्यासाठी रात्र जागते, त्याशिवाय ते कागद कुणाला वाचवणार नाहीत, असं मला मनापासून वाटतं.

आज संध्याकाळी दहाएक ट्रॅक्टर हान्नाम-दोंगला, राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाजवळ पोचले. मी लगेच घरी फोन लावला.

“अण्णा, सोडले हो ट्रॅक्टर!”

“पोरी, भारी झालं! आणि त्यांच्या तांदळाचं काय ठरलं?”

“अजून काहीच नाही.”

“मग विचारत राहायला सांग त्या पोरींना.”

सांगायची गरज पडली नाही. लॅबमधल्या मुलीने झोपून उठल्या उठल्या तो नाकारलेला कायदा डाउनलोड करून घेतला आहे, आणि तुमच्याकडे हमीभाव कसा ठरतो, कुणाला मिळतो, कुणाला मिळत नाही, असे पाच-सहा प्रश्न मला पाठवले आहेत. उद्या दुपारी जेवताना बसणार आहोत. अण्णांना मी फोनवर घेणार आहे.