६४ अक्षरं आणि रद्दीवाला

परवा आई फोनवर म्हणाली, "अरे, त्या कालनिर्णयच्या मागे तू काहीतरी लांबलचक लिहिलं होतंस ना, ते गेलं बघ रद्दीत." माझ्या पोटात गोळाच आला. ती तिच्या व्हॉट्सॲप बॅकअपची किल्ली होती, म्हणजे तो उघडायचा ६४ अक्षरी कोड. स्क्रीनशॉट काढला असता तर तो फोटोंबरोबर क्लाउडवरच गेला असता, म्हणून मी शहाणा, कागदावर लिहिली!

एवढा खटाटोप कशाला, तर मेसेज २०१६ पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत, म्हणजे मधे कंपनीलाही वाचता येत नाहीत, पण त्यांचा क्लाउडवरचा बॅकअप तसा नव्हता, ती सोय ऑक्टोबर २०२१ मधे आली आणि तीही आपण स्वतः जाऊन चालू करायची.

माझा एक मित्र आयफोनवाला, तो म्हणतो माझं सगळं फोनमधेच होतं, चेहरे ओळखायचं कामसुद्धा, बाहेर काही जात नाही. चेहऱ्यांचं खरंय त्याचं. पण तेच फोटो रात्री फोन चार्जिंगला लावला की आयक्लाउडवर चढतात आणि ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन, म्हणजे किल्ली फक्त आपल्याकडे ठेवायची सोय, चालू नसेल तर त्यांची किल्ली ॲपलकडे पण असते. त्याने चालू केलंय का? नाही. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय.

बरं बॅकअपच नको म्हणावं तर बाबांचा फोन पाण्याच्या पिंपात पडला होता, आजीचे शेवटचे सगळे फोटो त्यात होते, एकदम प्रायव्हेट, आता तर आम्हालाही दिसत नाहीत.

आईचा फोन चालू होता म्हणून वाचलो. चॅट बॅकअपमधे गेलो, तिचं बोट लावलं, जुनी किल्ली रद्द करून नवी घेतली. फोन गेला असता आणि किल्लीही, तर बॅकअप असून नसल्यासारखा, व्हॉट्सॲपवालेसुद्धा उघडून देऊ शकत नाहीत, आणि खरं तर तेच तर पाहिजे होतं.

यावेळी कागद रेशनकार्डाच्या डब्यात. ठेवायच्या आधी आईला वाचायला लावला, चार-चार अक्षरं करून, तर मधेच तिने 'जी' वाचला. म्हटलं अगं यात आकडे आणि ए ते एफ एवढंच असतं, एफच्या पुढचं अक्षरच नसतं, तो नऊ आहे. तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, कागद ओढून घेतला आणि सगळं स्वतःच्या अक्षरात परत लिहून काढलं.